त्या रात्री टेबलावर तू एकटी का होतीस?

*ताई,*

*मी महापालिकेत लिपिक आहे. वडील पाणीपुरवठ्यात होते, सेवेत असतानाच गेले. अनुकंपा तत्त्वावर मी लागले. गेल्या वर्षी मला अग्निशमनच्या नियंत्रण कक्षात टाकलं. 101 चे फोन घ्यायचे, गाड्या सोडायच्या, वायरलेस सांभाळायचा, डायरी लिहायची. ट्रेनिंग म्हणाल तर जुन्या ऑपरेटरशेजारी पंधरा दिवस बसले, तेवढंच.*

*दीड महिन्यापूर्वी रात्रपाळीत 2.41 ला एका लहान मुलीचा फोन आला. ‘काकू, घरात धूर झालाय, गणेशनगर,’ एवढं बोलली आणि लाइन तुटली. आमच्या शहरात गणेशनगर तीन आहेत. आमच्याकडे फोन करणाऱ्याचा नुसता नंबर दिसतो. मी उलट फोन लावला तर एंगेज. तेवढ्यात झाडपडीवरून परतणारी गाडी वायरलेसवर हाका मारत होती. मी मोठ्या गणेशनगरला गाडी सोडली. 2.45 ला मुलीचा परत फोन आला तेव्हा कळलं, हे नदीपलीकडचं गणेशनगर. तिथली गाडी 2.47 ला निघाली. मी सांगत होते तसं करून मुलगी आणि तिची आई बाहेर पडल्या. आजोबा पोटमाळ्यावर झोपले होते. ते गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा, ‘बंब गेला भलत्याच गणेशनगरात’. आत लिहिलंय अर्धा तास उशीर.*

*पाळीला दोघं असायला हवीत, पण सहकारी रजेवर होता, बदली माणूस दिला नव्हता.*

*आता माझा खुलासा मागवलाय. साहेब म्हणतात, ‘चूक झाली, यापुढे होणार नाही, एवढं लिहून दे, समज देऊन मिटवून टाकू.’ नवरा म्हणतो, फोनच तर उचलायचा असतो, एवढं काय मनाला लावून घेतेस. मला झोप नाही. घरात कुणाचाही मोबाइल वाजला की छातीत धडधडतं. त्या मुलीचा नंबर माझ्याकडे आहे. जाऊन तिच्या आईच्या पाया पडावंसं वाटतं. मालमत्ता कर विभागात एक जागा रिकामी आहे. बदली मागू का?*

*— एक ऑपरेटर*

तुला अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस. माझीही सगळी नोकरी अशाच एका खोलीत झाली, आणि रात्रपाळीतल्या माणसाशी अहो-जाहो करायची सवय मला कधी लागलीच नाही.

तू शेवटी बदलीचं विचारलंस, पण मी खुलाशापासून सुरुवात करते. कारण त्याला मुदत आहे, बाकी कशालाच नाही.

साहेबांनी सांगितलेलं वाक्य लिहू नकोस. साहेब वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांना फाइल बंद करायची आहे, आणि तुझ्या सहीचं एक वाक्य मिळालं की ती बंद होते. पण फाइल त्यांच्या टेबलावरून हलली तरी ते वाक्य तुझ्या सेवापुस्तकाच्या आसपास राहणार. उद्या त्या घरच्यांनी तक्रार केली, विभागीय चौकशी लागली, कुणी नगरसेवकाने सभागृहात प्रश्न विचारला, की सगळे मिळून तोच कागद काढतील. ‘संबंधित कर्मचाऱ्याने चूक मान्य केली आहे.’ संपलं. मग त्या रात्री दोन खुर्च्यांपैकी एक रिकामी का होती, हे कुणीही विचारणार नाही. एका शहरात तीन गणेशनगरं असताना कक्षात त्याची साधी यादी का नव्हती, हेही कुणी विचारणार नाही. तुझ्या त्या एका ओळीत ही दोन्ही उत्तरं पुरली जातील.

खुलासा वेळेनुसार लिही. 2.41 ला पहिला फोन, शब्द हे, लाइन तुटली. नंतर उलट फोन लावला, व्यस्त. त्याच वेळी अमुक गाडीचा वायरलेस. अमुक वाजता अमुक केंद्राला वर्दी, म्हणजे आगीची खबर, दिली. 2.45 ला दुसरा फोन, पूर्ण पत्ता मिळाला. 2.47 ला दुसरी गाडी रवाना. फोन चालू असताना दिलेल्या सूचना अशा-अशा. गाडी पोचल्याची वेळ डायरीप्रमाणे. यात ‘दुर्दैवाने’ नको, ‘प्रयत्नांची पराकाष्ठा’ नको, माफी नको, कुणावर राग नको. मग वेगळ्या परिच्छेदात तीन गोष्टी. मंजूर पाळी दोन कर्मचाऱ्यांची असताना त्या रात्री एकच कर्मचारी हजर होता. कक्षात सारख्या नावांच्या वस्त्यांची यादी उपलब्ध नाही. मला या कामाचं औपचारिक प्रशिक्षण मिळालेलं नाही. रजेवर असलेल्या सहकाऱ्याला मध्ये ओढू नकोस. त्याची रजा मंजूर होती, बदली माणूस न देणं हा निर्णय त्याचा नव्हता.

सोबत ड्यूटी चार्टची आणि डायरीच्या त्या पानाची प्रत जोड. दुसरं पत्र आजच दे, खुलाशाचीसुद्धा वाट बघू नकोस. त्यात एवढंच लिही की त्या रात्रीचं 101 चं रेकॉर्डिंग चौकशी संपेपर्यंत जतन करावं. बऱ्याच ठिकाणी जुनं रेकॉर्डिंग ठरावीक काळानंतर आपोआप पुसलं जातं, त्यात दीड महिना उलटलाय. पेपरवाल्याचा अर्धा तास आणि तुझी पाच मिनिटं यातलं खरं काय, हे फक्त ते रेकॉर्डिंग आणि डायरी सांगू शकतात. दोन्ही पत्रांच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घे. टपाल कारकून ‘राहू दे, मी देतो साहेबांना’ म्हणाला, तरी शिक्का घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नकोस. देण्याआधी खुलासा कर्मचारी संघटनेच्या जाणत्या माणसाला वाचून दाखव.

आता त्या पाच मिनिटांबद्दल. तुझ्या डोक्यात जे चाललंय ते सगळं तिथेच घुटमळतंय.

पहिला फोन आला तेव्हा पत्ता बरोबर कळला असता, तर गाडी 2.42 च्या सुमारास निघाली असती. निघाली 2.47 ला. ही पाच मिनिटं खरी आहेत, ती नव्हतीच असं मी म्हणणार नाही. पण ती कशी गेली ते बघ. उलट फोन लावणं आणि वायरलेसला उत्तर देणं ही दोन कामं एकाच वेळी तुझ्यासमोर आली. खोलीत दुसरं माणूस असतं, तर त्याने वायरलेस घेतला असता आणि तू त्या नंबरवर चिकटून बसली असतीस. मुलगी तुला फोन लावत होती, तू तिला लावत होतीस, म्हणून दोघींना एंगेज लागत होतं. अशा वेळी फोन करणाऱ्याची लाइन मोकळी सोडून थोडं थांबायचं असतं. हे पंधरा दिवस शेजारी बसून कळत नाही, कुणीतरी शिकवावं लागतं.

अर्धवट पत्त्यावर मोठ्या गणेशनगरला गाडी सोडलीस, त्याबद्दल मी तुला दोष देणार नाही. हातावर हात धरून बसण्यापेक्षा ते बरोबरच होतं. पण मनात आहे ते सांगते. नाव एक आणि ठिकाणं तीन असतील, हाताशी गाड्या असतील, तर तिन्हीकडे गाडी काढायची. निघालेली गाडी वायरलेसवर परत फिरवता येते. न निघालेल्या गाडीची मिनिटं कुठून परत आणायची? मात्र हा निर्णय ऑपरेटरने आपल्या हिमतीवर घ्यायचा नसतो. पहाटे पावणेतीनला एक लिपिक तीन केंद्रांना उठवते आणि धूर कुणाच्या तरी कुकरचा निघतो, मग सकाळी डिझेलचा हिशेब कुणाला मागतात? तुलाच. म्हणून असा लेखी आदेश कक्षात लावलेला असावा लागतो. तुमच्याकडे असता, तर तू पत्रात लिहिलं असतंस.

एक जुनी गोष्ट सांगते, या कामाशी तिचा थेट संबंध आहे. 10 नोव्हेंबर 1935 ला लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर एका सर्जनच्या घराला आग लागली आणि पाच बायका मेल्या. समोर राहणाऱ्या माणसाने टेलिफोन एक्स्चेंजला फोन लावला होता, पण त्याचा फोन इतर फोनांच्या रांगेत नुसताच वाजत राहिला. त्याने संतापून ‘टाइम्स’ला पत्र लिहिलं, पुढे चौकशी समिती बसली. त्या समितीपुढेही सोपा रस्ता होताच, एक्स्चेंजमधल्या कुणा मुलीला कामावरून काढून मोकळं व्हायचं. पण शेवटी जे घडलं ते वेगळंच. 30 जून 1937 पासून लंडनमध्ये 999 हा नंबर सुरू झाला. त्यावर फोन आला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागायचा आणि भोंगा वाजायचा, म्हणजे बाकीचे फोन सोडून तो आधी घेतला जाईल. जगातला हा पहिला आणीबाणीचा नंबर. रांगेचा दोष रांग बदलून दूर केला गेला. तुमच्याकडे मात्र खुर्ची रिकामी ठेवायची आणि उरलेल्या खुर्चीवरच्या बाईकडून खुलासा मागायचा, असा उलटा कारभार चाललाय.

आजोबांबद्दल. गाडी पाच मिनिटं आधी पोचली असती तर ते वाचले असते का? तुला बरं वाटावं म्हणून ‘नाही, काही फरक पडला नसता’ असं कुणी म्हणेल. तुझा नवरा म्हणेल, मीही म्हणू शकते. पण म्हणणार नाही, कारण तू ते ऐकशील आणि रात्री तीनला परत तोच प्रश्न घेऊन उठून बसशील. धूर आधी वर चढतो, छताखाली साठतो, आणि पोटमाळा म्हणजे ते छतच. त्यातला कार्बन मोनॉक्साइड झोपेतल्या माणसाला जागही येऊ देत नाही. घरात धूर किती वेळ कोंडला होता, मुलगी कधी उठली, आजोबांचा श्वास कधी थांबला, हे तुझ्या टेबलावरून दिसण्यासारखं नव्हतं. शवविच्छेदनात काही निघालं असेल तर चौकशीत येईल. तू रोज रात्री तो निकाल स्वतःविरुद्ध लावतेस, तो अधिकार तुला कुणी दिला?

आणि एक गोष्ट मी तुझ्या पत्रात परत परत वाचली. ‘मी सांगत होते तसं करून मुलगी आणि तिची आई बाहेर पडल्या.’ दोन माणसं वाचली ती तू एका ओळीत उरकलीस, आणि लगेच ‘आजोबा’. जरा त्या ओळीवर थांब. आगीत घाबरलेली लहान मुलं पळत नाहीत; पलंगाखाली, कपाटात दडून बसतात. फायरमनला शोधून बाहेर काढावी लागतात. तुझ्या फोनवरची ती मुलगी दडली नाही, कारण तिच्या कानाशी कुणीतरी बोलत होतं. तू तिला काय सांगितलंस ते पत्रात नाही, पण मला अंदाज आहे. आईला उठव, वाकून चाला, नाकातोंडाला ओलं फडकं धरा, दिवा लावू नका, बाहेर पडल्यावर दार ओढून घ्या, परत आत जाऊ नका. आता तो खुलासा लिहिताना ‘फोन चालू असताना दिलेल्या सूचना’ या मुद्द्यात हे शब्दशः घाल. नम्रपणाने गाळू नकोस. सरकारी कागदावर न लिहिलेलं काम झालेलंच नसतं.

पत्त्यांबद्दल थोडं लांबण लावते, कारण या नोकरीतलं खरं कौशल्य तिथेच आहे. ते कुणी मानत नाही, ही आणखी वेगळी गोष्ट.

आपल्या शहरांत पत्ता म्हणजे आठवणींचा गुंता असतो. प्रत्येक गावात शिवाजी चौक, साईनगर, शांतीनगर, गणेशनगर. वाढत्या गावात प्रत्येकी दोन-तीन. लोक सांगतात ‘जकात नाक्याजवळ’. जकात जाऊन कित्येक वर्षं झाली, नाका पाडून तिथे मोबाइलचं दुकान आलं, पण नाव तेच. कुणी टॉकीजमागे सांगतो, ती टॉकीज आता मंगल कार्यालय झालीय. नवीन आलेल्या ऑपरेटरला हे माहीत नसतं आणि फोनवरच्या माणसाला ते माहीत नसल्याचं माहीत नसतं. म्हणून कक्षात एक वही हवी. वस्तीचं नाव, त्या नावाची किती ठिकाणं, प्रत्येकाची ओळखीची खूण, जुनं नाव, जवळचं केंद्र. ती वही तूच कर. प्रत्येक केंद्राच्या तांडेलांना, म्हणजे गाडीवरच्या फायरमनांच्या प्रमुखांना, आणि यंत्रचालकांना बसवून विचार. त्यांना गल्ल्या पाठ असतात, कुठे गाडी वळत नाही हेही ठाऊक असतं. कुणी तुला हे काम दिलेलं नाही, त्याचा पगार मिळणार नाही, आणि तरी मी हे करायला सांगतेय. कारण पुढच्या गणेशनगरच्या वेळी तुझा हात आपोआप त्या वहीकडे जाईल आणि तेवढी धडधड कमी होईल. वहीचं पहिलं पान झेरॉक्स करून खुलाशाला जोडलंस तर अधिकच चांगलं.

प्रश्नांचा क्रमही ठरवून टाक. ‘काय झालंय?’ नंतर. आधी ‘कुठून बोलताय?’, कारण लाइन कधी तुटेल याचा नेम नसतो. पत्ता मिळाला आणि बाकी काही कळलं नाही, तरी गाडी निघू शकते. उलटं झालं तर नाही निघू शकत. मोठ्या माणसाला विचारायचं, वीजबिलावर काय पत्ता आहे, कुठला बसथांबा. लहान मुलाला विचारायचं, तुझी शाळा कुठली? मुलांना गल्ली सांगता येत नाही, शाळेचं नाव झोपेतसुद्धा येतं. आणि गणेशनगर म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘नदीच्या अलीकडचं की पलीकडचं?’ समोरचा चिडतो. ‘प्रश्न काय विचारताय, गाडी पाठवा आधी!’ त्या वेळी ‘गाडी निघतेय, तुम्ही बोला’ एवढं शांतपणे म्हणायचं आणि परत तोच प्रश्न विचारायचा. बाहेरच्यांना वाटतं ऑपरेटर वेळ काढतेय. वाटू दे.

साहेबांकडे आणखी एक मागणी लेखी लावून धरता येईल. 112 ला फोन करणाऱ्याच्या मोबाइलचं अंदाजे ठिकाण कळण्याची सोय आहे. महाराष्ट्रात 112 चं मुख्य केंद्र नवी मुंबईत आणि दुसरं नागपुरात आहे, पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या सगळ्यांना एका नंबराखाली आणायचा त्यामागे विचार आहे. मग पालिकेच्या 101 च्या टेबलावर आजही नुसता मोबाइल नंबर का झळकतो, तुमच्या कक्षाचं 112 शी जोडकाम कुठवर आलंय, हे आयुक्तांना विचारायचा मान अग्निशमन अधिकाऱ्यांचा आहे. त्यांनी विचारावं म्हणून तुझ्या खुलाशात एक ओळ पुरे.

त्या मुलीच्या घरी जाऊ नकोस.

तुला हे कठोर वाटेल. पण तिचा नंबर तुला मिळाला तो ड्यूटीवर, वर्दीसाठी. तो कक्षाचा आहे, तुझा नव्हे. तू गेलीस, पाया पडलीस, तर त्या घरात काय होईल? ज्यांचं माणूस गेलंय त्यांना तुझे डोळे पुसावे लागतील. किंवा ते तुझ्यावर ओरडतील, आणि ती मुलगी दाराआड उभी राहून ऐकेल की ज्या काकूंनी फोनवर धीर दिला त्यांच्यामुळे आजोबा गेले. आत्ता तिला तसं वाटत नसेलही. शिवाय चौकशी चालू असताना तू तिथे गेल्याचं कळलं, तर ‘दबाव आणायला गेली’ असाच अर्थ लावतील, आणि तू काय बोललीस हे सांगायला तिथे रेकॉर्डिंग नसेल. चौकशी संपल्यावर, बरेच महिने गेल्यावर, त्या घरच्यांनी स्वतःहून स्टेशन ऑफिसरकडे तुझी चौकशी केली, तर बघू. तोपर्यंत तो नंबर मोबाइलमधून काढून टाक.

तुझ्या मनात एक वेगळी गोष्ट आहे असा मला संशय आहे: गोष्टीचा शेवट तुला कुणी सांगितला नाही. पेपरातून कळला. या खोलीतली ही जुनी खोट आहे. फायरमन घटनास्थळी जातो, पाणी मारतो, माणूस बाहेर काढतो किंवा प्रेत बाहेर काढतो, पण बघतो. ऑपरेटरला ‘वर्दी पूर्ण, गाडी परत’ एवढंच ऐकू येतं, आणि पुढचा फोन कुणाच्या तरी बाल्कनीत साप आल्याचा. तो संपला की दारू पिऊन रोज रात्री गाणी म्हणणारा येतो. मधल्या सगळ्या किंकाळ्या तशाच अर्ध्यावर लटकत राहतात. म्हणून मी एक नेम ठेवला होता, तू ठेव: मोठ्या वर्दीनंतर गाडी केंद्रात परतली की त्या तांडेलला फोन करून सविस्तर विचारायचं, ‘काय झालं, सांगा.’ चांगलं असो, वाईट असो. तांडेल कंटाळत नाहीत. उलट त्यांनाही कुणाला तरी सांगायचं असतं. या वर्दीचंही विचार. नदीपलीकडच्या केंद्रातल्या माणसांनी त्या मुलीला बाहेर कुठे उभी असलेली पाहिलं, ती काय बोलली, ते त्यांना माहीत असेल. तिला भेटण्यापेक्षा त्यांच्याशी बोल.

झोपेचं आणि धडधडीचं. दीड महिना झाला. काही आठवडे असं कुणालाही होतं, पण महिना उलटून गेल्यावरही रिंग ऐकून दचकायला होत असेल, झोप उडत असेल, ती रात्र परत परत डोळ्यांपुढे येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. स्वतः प्रसंगात नसलेल्या, पण कामाचा भाग म्हणून असे प्रसंग वारंवार ऐकाव्या लागणाऱ्या माणसांनाही हा आघात होतो, हे त्या शास्त्राने मान्य केलेलं आहे. ‘मी तर फक्त फोनवर होते’ म्हणून लाजू नकोस. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. तिथे ओळखीचं कुणी भेटेल अशी भीती असेल, तर आधी 14416 ला फोन कर. ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, 2022 पासून सुरू झालेली, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलणारं माणूस मिळतं. रात्रपाळीवरून आल्यावर सकाळी अकरालाही लावता येतो. मेडिकलवाल्याकडून ओळखीने झोपेच्या गोळ्या आणू नकोस.

नवऱ्याशी वाद घालू नकोस, त्यात तुझी उरलेली झोप जाईल. तो चिडवत नसेल, त्याला खरंच तसं वाटत असेल. बाहेरून ही नोकरी तशीच दिसते. ‘तुला कळत नाही’ म्हणण्यापेक्षा त्याच्याकडून नेमक्या गोष्टी मागून घे. रात्रपाळीनंतर दुपारी एकपर्यंत खोलीत कुणी यायचं नाही, त्या वेळात घरातले फोन सायलेंट, सकाळची घरातली कामं त्याने उचलायची. काम अवघड आहे हे त्याला पटलं नाही तरी चालेल, एवढं केलं तरी पुष्कळ. सासूबाई ‘दिवसा काय झोपायचं’ म्हणत असतील तर त्याचं उत्तरही त्यानेच द्यायचं.

राहिली बदली. माग, पण आत्ता नाही. खुलासा प्रलंबित असताना बदलीचा अर्ज गेला, तर तो त्याच फाइलला लागेल आणि चूक मान्य करून पळाली असं न लिहिताही वाचलं जाईल. आधी खुलाशाचा निकाल लागू दे. मग दोन गोष्टी बघ. डॉक्टर काय म्हणतात, आणि तुझ्या पाळीला दुसरं माणूस मिळालं का. डॉक्टरांनी ‘हे काम सोडा’ म्हटलं तर त्याच दिवशी सोड, मी काय म्हणते याचा विचारही करू नकोस. तब्येत सावरली पण साहेबांनी परत तुला रात्री एकटीला बसवायला सुरुवात केली, तरीही सोड. मोजून अर्धी माणसं देऊन पूर्ण कामाची जबाबदारी टाकणाऱ्या टेबलावर चिकटून राहण्यात शौर्य वगैरे काही नाही. मालमत्ता करात मार्चअखेरीला लोक तुझ्यावर याहून मोठ्याने ओरडतील, पण तिथे कुणी धुरातून बोलत नसतं.

आणि दोन्ही गोष्टी जमल्या, तर माझं मत तू राहावंस असं आहे. पहाटे पावणेतीनला, एकटी असताना, वायरलेस किंचाळत असताना एका घाबरलेल्या पोरीला बोलतं ठेवून बाहेर काढणारी ऑपरेटर पालिकेला जाहिरात देऊन मिळत नाही. मात्र राहायचं ठरवलंस तर पुढच्या ड्यूटी चार्टवर सही करण्याआधी बघ. रात्रपाळीत तुझ्या नावापुढे दुसरं नाव नसेल, तर ‘एकच कर्मचारी, दुसरा कर्मचारी देण्याची विनंती’ असा शेरा पेनाने मारून मगच सही कर, आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेव.